अकरा नंबर: लांबची की विझलेली?

अहवालाचं पहिलं शीर्षक होतं ‘विश्वाच्या बालपणातली एक रेडिओ दीर्घिका’. ते डिसेंबरात सुचलं, जानेवारीत टाइप झालं आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात खोडलं गेलं. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची दोन मुलं आणि त्यांची मार्गदर्शक म्हणून मी, असे तिघं दोन महिने एका दीर्घिकेला विश्वाच्या पार टोकाशी नेऊन बसवत होतो. ती निघाली त्या मानानं शेजारची. बालपणाचा तर प्रश्नच नव्हता, तिच्या केंद्रातून सुटणारा झोत बंद पडूनच कोट्यवधी वर्षं झाली होती.

रेडिओ दीर्घिका, म्हणजे रेडिओ लहरी जोरात सोडणाऱ्या दीर्घिका, काळानुसार कशा बदलतात, हा धडा मी बरीच वर्षं शिकवते आहे. आलेख काढून देते, परीक्षेत प्रश्न विचारते. पण आमच्या या एका चुकीत त्या धड्याचा गाभा जितका स्वच्छ दिसला तितका फळ्यावर मला कधी दाखवता आला नव्हता. म्हणून हे प्रकरण जसं घडलं तसं मांडते आहे.

आमच्याकडे काय होतं

आमचं कॉलेज बालाघाटाच्या माथ्यावर, तालुक्याच्या गावात. दुर्बीण म्हणावी अशी एकच, सहा इंची, तीही शनीची कडी दाखवण्यापुरती. पण रेडिओ खगोलशास्त्रात मोठमोठ्या सर्वेक्षणांची माहिती सगळ्यांसाठी खुली ठेवण्याची चांगली रीत आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी दाटीनं आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, साधारण २५ किलोमीटरच्या टापूत. या दुर्बिणीनं २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ ९० टक्के आकाश पाहून ठेवलं. त्या निरीक्षणांवर नव्यानं प्रक्रिया करून टीजीएसएस नावाची यादी २०१६ च्या मार्चमध्ये खुली झाली. तिच्यात ६ लाखांहून जास्त रेडिओ स्रोत आहेत. पुढच्याच महिन्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. माझ्या विद्यार्थिनीला ती रेल्वे आठवते. उदगीरची ही मुलगी तेव्हा शाळेत होती. त्याच दिवसांत आपल्याच राज्यातल्या दुर्बिणीची एवढी मोठी यादी जगापुढे आली होती, हे तिला प्रकल्प सुरू झाल्यावर कळलं आणि तिनं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

दुसरी यादी अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीची, एनव्हीएसएस. ती १,४०० मेगाहर्ट्झवरची. काम सोपं दिसत होतं. आकाशाचा एक तुकडा निवडायचा, दोन्ही याद्यांत सापडणारे स्रोत जुळवायचे, आणि कमी वारंवारतेकडून जास्त वारंवारतेकडे जाताना ज्यांची तीव्रता फार झपाट्यानं पडते असे वेगळे काढायचे. दुसरा विद्यार्थी जिंतूरकडचा. घरी कोरडवाहू शेती आणि एक विहीर. संगणकाचं काम त्याच्या हाताला बसलेलं. त्यानं दोन दिवसांत जुळणी करून १९ स्रोतांची यादी माझ्या टेबलावर ठेवली.

उताराचा अर्थ

इथे थोडं थांबून भौतिकशास्त्र सांगायला हवं, कारण पुढची सगळी गफलत याच जागेवर झाली.

मोठ्या दीर्घिकेच्या केंद्रातलं कृष्णविवर वायू गिळत असतं तेव्हा कधीकधी दोन विरुद्ध दिशांना झोत सुटतात. हे झोत दीर्घिकेच्या बाहेर लाखो प्रकाशवर्षं जातात आणि दोन्हीकडे फुगे फुगवतात. या फुग्यांना लोब म्हणतात. सिग्नस ए या स्रोताला असे दोन लोब आहेत, हे १९५३ मध्ये जेनिसन आणि आपल्या मृणाल कुमार दासगुप्तांनी इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेत दाखवलं. तोवर तो एकच ठिपका समजला जायचा. लोबमध्ये चुंबकीय क्षेत्र असतं आणि प्रकाशाच्या वेगाला टेकलेले इलेक्ट्रॉन असतात. ते गिरक्या घेत रेडिओ लहरी सोडतात. हेच सिंक्रोट्रॉन प्रारण.

जितका इलेक्ट्रॉन जास्त ऊर्जेचा तितका तो लवकर दमतो. म्हणून झोत बंद पडला, नवे इलेक्ट्रॉन यायचे थांबले, की आधी उच्च वारंवारता विझते. खालची बराच काळ तेवत राहते. वारंवारतेनुसार तीव्रता कशी बदलते तो वर्णपट. चालू दीर्घिकेत त्याचा उतार साधारण उणे ०.७ ते उणे ०.८ असतो, म्हणजे १५० वरून १,४०० मेगाहर्ट्झवर येताना तीव्रता साधारण पाचपट उतरते. आमच्या यादीतल्या अकराव्या स्रोताची तीव्रता १५० वर ११० मिलीजान्स्की (रेडिओ तीव्रतेचं एकक) होती आणि १,४०० वर अवघी ३.९. म्हणजे २८ पट घसरण, उतार उणे १.५.

एवढा तीव्र उतार दोन अगदी उलट गोष्टी सांगू शकतो. एक, दीर्घिका म्हातारी होऊन विझते आहे. दोन, दीर्घिका अतिशय दूर आहे, म्हणजे आपण तिला विश्व लहान असतानाच्या काळात पाहतो आहोत. दुसरी शक्यता अनुभवातून आलेली आहे. तीव्र उताराचे स्रोत निवडून त्यांच्या मागे लागलं की त्यात फार दूरच्या दीर्घिका अपेक्षेपेक्षा जास्त सापडतात. ४सी ४१.१७ ही रेडशिफ्ट ३.८ ची (विश्व पसरताना लहर किती ताणली गेली याचं हे माप, जितकं मोठं तितकं दूर) दीर्घिका १९९० मध्ये अशीच हाती आली, आणि १९९९ मध्ये रेडशिफ्ट ५.२ च्या आसपासची टीएन जे०९२४-२२०१. असं का होतं यावर एकमत नाही. कोणी म्हणतं, वर्णपट वरच्या वारंवारतेकडे मुळातच वाकलेला असतो आणि रेडशिफ्टमुळे तो वाकलेला भाग आपल्या खिडकीत येतो. कोणी त्या काळातल्या दाट वायूकडे बोट दाखवतं. युक्ती चालते एवढं मात्र खरं.

म्हातारपण आणि बालपण या दोन्हींची खूण एकच. हे मी वर्गात सांगितलं होतं. तरीही आम्ही घसरलो.

डिसेंबर आणि जानेवारी

एखादा रेडिओ स्रोत फार दूरचा असेल तर त्या जागी साध्या प्रकाशातल्या चित्रात काहीही दिसत नाही. अकरा नंबरच्या जागेभोवती ५ आर्कसेकंदांच्या (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) वर्तुळात मुलांनी पाहिलं. रिकामं. “मॅडम, काहीच नाही तिथं. हे लई लांबचं दिसायलंय,” जिंतूरचा मुलगा म्हणाला. त्याचा आवाज मला अजून आठवतो. त्याच्या आवाजात मी माझीही आशा मिसळली, हे कबूल करायला हवं. आमच्यासारख्या कॉलेजमधून रेडशिफ्ट चारच्या पलीकडची दीर्घिका निघाली असती तर... हा ‘तर’ फार ओढून नेतो.

दोन वारंवारतांवरून फक्त एक सरळ रेघ निघते. तिसरा बिंदू हवा होता. जीएमआरटीचा संग्रह ठरावीक मुदतीनंतर खुला होतो. त्यात शोधताना कळलं की दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच कुठल्या तरी दीर्घिकेसाठी, ४०० मेगाहर्ट्झच्या आसपास निरीक्षणं घेतली होती आणि आमचा स्रोत त्यांच्या चित्राच्या कडेला, मध्यापासून अर्ध्या अंशावर येत होता. दुसऱ्याच्या रानातून आपली वाट निघावी तसं झालं. माहितीचा पसारा प्रचंड. लाइट असेल त्या रात्री डाउनलोड चालायचं, गेली की पुन्हा पहिल्यापासून. तीन आठवडे त्यातच गेले. मग अंशांकन, खराब माहिती कापणं, चित्र तयार करणं. त्या चित्रात अकरा नंबरची तीव्रता आली २९ मिलीजान्स्की.

आम्ही तीन बिंदू जोडले. १५० ते ४०० मध्ये उतार उणे १.३६, ४०० ते १,४०० मध्ये उणे १.६. मोजमापातल्या चुकांची मर्यादा धरली तर रेघ सरळच म्हणायची. दूरच्या तीव्र-उतार दीर्घिकांचा वर्णपट बहुधा सरळ असतो. विझणाऱ्या दीर्घिकांचा मात्र वाकतो, कारण तिथे वरची वारंवारता आधी गेलेली असते. सरळ रेघ म्हणजे आमच्या बाजूचा पुरावा. शीर्षक टाइप झालं.

फेब्रुवारी

उदगीरच्या मुलीनं एक प्रश्न लावून धरला होता. टीजीएसएसच्या चित्रात हा स्रोत गोल ठिपका नव्हता, लांबट होता, साधारण ७० आर्कसेकंद. रेडशिफ्ट ४ वर एक आर्कसेकंद म्हणजे जवळपास ७ किलोपार्सेक, सुमारे २३ हजार प्रकाशवर्षं. म्हणजे या स्रोताची लांबी भरते १६ लाख प्रकाशवर्षं. पण तेवढ्या दूरच्या ज्ञात रेडिओ दीर्घिका बहुतेक काही मोजक्या आर्कसेकंदांत मावतात. टीएन जे०९२४-२२०१ तर जेमतेम १ आर्कसेकंदाच्या आसपास. “मग हीच एवढी लांबलचक कशी?” मी तिला म्हटलं, अपवाद असू शकतो. तिला ते पटलं नाही आणि पटलं नाही तेच बरं झालं.

तिनं एक साधी गोष्ट केली. ४०० मेगाहर्ट्झच्या चित्रातले दुसरे ३० ठळक स्रोत घेतले, टीजीएसएस आणि एनव्हीएसएसमधल्या आकड्यांवरून ४०० वर त्यांची तीव्रता किती यायला हवी ते काढलं आणि आमच्या चित्रातल्या आकड्यांशी ताडून पाहिलं. मध्यावरचे स्रोत बरोबर जुळले. कडेचे मात्र एकजात कमी. जितकं कडेला, तितकं कमी.

तबकडी समोर जिथे रोखलेली असते तिथे तिची नजर सगळ्यात तीक्ष्ण असते आणि कडेला मंद होत जाते. चित्र तयार झाल्यावर त्याची भरपाई करावी लागते. तिला प्रायमरी बीम दुरुस्ती म्हणतात. मुलांना आज्ञावली मी दिली होती आणि तिच्यात ही शेवटची पायरी नव्हती. माझ्या जुन्या कामात स्रोत नेहमी मध्यावर असायचा, म्हणून ती पायरी गाळलेली तशीच राहिली होती. मध्यापासून अर्ध्या अंशावर या पट्ट्यात नजर सुमारे ६४ टक्क्यांवर येते. दुरुस्ती केल्यावर २९ चे ४५ झाले.

त्या एका आकड्यानं कथाच उलटली. आता १५० ते ४०० मध्ये उतार उणे ०.९ आणि ४०० ते १,४०० मध्ये जवळजवळ उणे २. रेघ सरळ नव्हती, मधेच कोसळत होती. विझणाऱ्या दीर्घिकेचा वर्णपट असाच दिसतो.

मग बाकीचं भराभर उलगडलं. ४०० च्या चित्रात दोन पसरट, धुरकट लोब होते. झोत चालू असता तर त्यांच्या टोकांना लखलखीत ठिपके दिसले असते. तसं काही नव्हतं. व्हीएलएच्या जास्त बारीक नजरेच्या सर्वेक्षणांत त्या जागी काहीच नाही, मध्यभागी कृष्णविवराजवळचा गाभाही नाही. आणि दोन लोबांच्या मधोमध, यादीतल्या स्थानापासून १२ आर्कसेकंदांवर, एक मोठी लालसर लंबवर्तुळाकार दीर्घिका बसलेली. स्लोन या साध्या प्रकाशातल्या आकाश-सर्वेक्षणात तिचा वर्णपट होता: रेडशिफ्ट ०.२. आम्ही ५ आर्कसेकंदांचं वर्तुळ घेतलं होतं. ते ठिपक्यासारख्या स्रोताला पुरेसं असतं, ७० आर्कसेकंद पसरलेल्या वस्तूला नाही. लोब जिच्यातून निघाले ती यजमान दीर्घिका घरातच होती, आम्ही उंबऱ्यावर पाहून परतलो होतो.

ही दीर्घिका लोबांच्या मधोमध निव्वळ योगायोगानं दिसत असण्याची शक्यता शून्य नाही. पण गाभा नाही, टोकं नाहीत, वाकलेला वर्णपट आणि मधोमध योग्य प्रकारची दीर्घिका, हे चारही एकत्र आले की मी विझलेली म्हणायला तयार आहे.

वय

वर्णपट कुठे मोडतो यावरून झोत बंद होऊन किती काळ गेला याचा अंदाज काढता येतो. त्यासाठी चुंबकीय क्षेत्र माहीत असावं लागतं. ते नव्हतं, म्हणून अशा लोबमध्ये सामान्यतः जे मानलं जातं ते ५ मायक्रोगॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) धरलं. मोड १ गिगाहर्ट्झच्या (१,००० मेगाहर्ट्झच्या) आसपास धरला. उत्तर आलं सुमारे ७ कोटी वर्षं. याच्याकडे मी नेमका आकडा म्हणून पाहत नाही. ४ कोटी असेल, ९ कोटी असेल. तिथून आपल्याकडे निघालेल्या प्रकाशाचा प्रवासच सुमारे २४० कोटी वर्षांचा आहे, त्यापुढे ७ कोटी हा काळ छोटा.

मग मी मुलांना तोच हिशेब रेडशिफ्ट २ साठी करायला सांगितला. तोच लोब, तेच चुंबकीय क्षेत्र, तीच वारंवारता, फक्त जागा बदलायची. उत्तर आलं सुमारे २३ लाख वर्षं. मुलांना वाटलं आकडेमोड चुकली. पुन्हा केली. तेच.

कारण असं. महास्फोटाचं उरलेलं प्रारण सगळ्या अवकाशात भरलेलं आहे. लोबमधले इलेक्ट्रॉन त्या प्रकाशकणांना धडकून ऊर्जा गमावतात. आज ते प्रारण थंड आणि विरळ आहे. मागे जावं तसं ते दाट होत जातं आणि त्याची ऊर्जाघनता एक अधिक रेडशिफ्टच्या चौथ्या घातानं वाढते. रेडशिफ्ट ०.२ वरून २ वर गेलं की ती ३९ पट होते. म्हणजे विश्व लहान होतं तेव्हा विझलेले लोब क्षणात दिसेनासे व्हायचे. आज तेच ७ कोटी वर्षं रेंगाळतात.

अकरा नंबर इतकी जवळ आहे म्हणूनच आम्हाला ती दिसली. तिच्यासारख्या दीर्घिका १ हजार कोटी वर्षांपूर्वी असणारच, पण त्यांचे अवशेष केव्हाच मावळले. उलट तेवढ्या दुरून जे दिसतं ते जवळजवळ सगळं नुकतंच पेटलेलं असतं. १९९९ मध्ये कॅथरीन ब्लंडेल आणि स्टीव्ह रॉलिंग्ज यांनी हेच दाखवलं होतं: दूरच्या ज्ञात रेडिओ दीर्घिका तरुण असणं अटळ आहे, कारण म्हाताऱ्या तिथून आपल्यापर्यंत पोचतच नाहीत. मी तो निबंध विद्यार्थी असताना वाचला होता. पण ७ कोटी आणि २३ लाख हे दोन आकडे एकाखाली एक लिहिलेले पाहिले तेव्हा तो मला खऱ्या अर्थानं कळला.

दोन घड्याळं

इथे जिंतूरच्या मुलानं जे म्हटलं ते मी पुढच्या प्रत्येक वर्गात सांगणार आहे. तो म्हणाला, “मॅडम, आमची हीर उन्हाळ्यात आटती, पावसाळ्यात भरती. ते येगळं. पण आज्याच्या टायमाला चाळीस फुटावर पाणी होतं अन् आता बोअरला सातशे फूट जावं लागायलंय, ते येगळं. आपण एका हिरीवरून सगळ्या शिवाराचं सांगायलो होतो.”

रेडिओ दीर्घिकांच्या बदलाचे दोन अर्थ आहेत आणि ते सतत एकमेकांत मिसळले जातात. पहिला एका दीर्घिकेच्या आयुष्याचा: झोत सुटतो, लोब वाढतात, काही कोटी वर्षांनी पुरवठा संपतो, लोब विझतात. पुष्कळदा तीच दीर्घिका पुन्हा पेटते. जुन्या लोबांच्या आत नवी जोडी अशा दुहेरी-दुहेरी दीर्घिका बऱ्याच सापडल्या आहेत, म्हणजे विहीर आटली आणि पुन्हा भरली. दुसरा अर्थ सगळ्या समाजाचा: त्या-त्या काळात किती दीर्घिका पेटलेल्या होत्या, किती जोरकस, केवढ्या आकाराच्या. हे घड्याळ शेकडो कोटी वर्षांचं. आम्ही पहिल्या घड्याळाची खूण दुसऱ्यावर वाचली.

दुसऱ्या घड्याळाचा इतिहास मराठी वाचकाला परका नाही. केंब्रिजचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल यांनी १९५५ मध्ये रेडिओ स्रोतांची मोजणी मांडली आणि म्हटलं की मंद, म्हणजे सरासरीनं दूरचे, स्रोत हिशेबापेक्षा फार जास्त आहेत. विश्व पूर्वी आजच्यासारखं नव्हतं. फ्रेड हॉईल यांच्या स्थिर स्थितीच्या सिद्धांतावर हा थेट घाव होता, कारण त्यात विश्व कुठल्याही काळी सारखंच दिसायला हवं. पण राईल यांच्या त्या यादीतले पुष्कळ स्रोत शेजारच्या स्रोतांचं मिश्रण होऊन झालेले भास होते. सिडनीच्या बर्नार्ड मिल्स यांची मोजणी त्यांच्याशी जुळेना. १९६१ मध्ये राईल सुधारलेली मोजणी घेऊन पुन्हा आले. तेव्हा हॉईल यांचे विद्यार्थी असलेले कोल्हापूरचे जयंत नारळीकर त्यांच्यासोबत प्रतिवादाला उभे राहिले: विश्व लहान मापावर एकजिनसी नसेल तर जादा आकड्याचा अर्थ वेगळाही लागतो. निकाल शेवटी राईल यांच्या बाजूनं गेला. पण दोन्ही बाजूंनी एकमेकांची मोजमापं ज्या कसोशीनं तपासली, ती कसोशी आमच्या मुलीनं ३० स्रोत ताडून पाहिले त्याच जातीची होती असं मला मनापासून वाटतं.

आणि तमिळनाडूतलं उटी. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तिथे डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण अशी बसवली की उतार आणि त्या जागेचा अक्षांश सारखा यावा, म्हणजे एका अक्षावर फिरवून तासन्‌तास एकाच स्रोताचा पाठलाग करता येतो. १९७० पासून तिनं चंद्र एखाद्या रेडिओ स्रोताला झाकतो त्या क्षणांची नोंद घेऊन शेकडो मंद स्रोतांचे आकार मोजले. १९७५ मध्ये स्वरूप आणि विजय कपाही यांनी दाखवलं की स्रोत जितका मंद तितका तो आकाशात लहान दिसतो, आणि हे बदलत्या विश्वाशी जुळतं. पूर्वीच्या रेडिओ दीर्घिका संख्येनं जास्त होत्या, आकारानंही लहान होत्या. आमच्या मुलीला ७० आर्कसेकंद खटकले, तो प्रश्न तिच्याही नकळत थेट उटीच्या कामातून आलेला होता.

आज चित्र बरंच स्पष्ट आहे. अतिशय शक्तिशाली रेडिओ दीर्घिका रेडशिफ्ट २ च्या सुमारास, म्हणजे विश्व साधारण ३३० कोटी वर्षांचं असताना, आजच्यापेक्षा काहीशे ते हजार पट दाट होत्या. त्याआधी पुन्हा कमी. दुबळ्या दीर्घिकांची गोष्ट वेगळी. त्यांची संख्या तेव्हाही आजच्यापेक्षा काही पटच जास्त आणि त्यांचा भर अलीकडच्या काळात. शक्तिशाली दीर्घिकांना थंड वायूचा मोठा साठा लागतो. तो तरुण विश्वात मुबलक होता, दीर्घिकांच्या टकरीही जास्त होत होत्या. दुबळ्यांना भोवतीच्या उष्ण वायूतून झिरपणारं थोडकं पुरतं. जिंतूरच्या मुलाच्या शब्दांत, शिवाराचं पाणीच खाली गेलं. एखादी विहीर कितीही खोल असली तरी पूर्वीसारखी मोट चालत नाही.

पुढे काय केलं

अहवालाचं नवं शीर्षक साधं ठेवलं: ‘तीव्र उताराच्या एका रेडिओ स्रोताची ओळख’. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, यात नवीन काय. मुलगी म्हणाली, स्रोताला यजमान दीर्घिका मिळाली आणि आमच्या आज्ञावलीतली चूक मिळाली. त्यांनी चूक कशी सापडली ते पुन्हा सांगायला लावलं आणि मग बराच वेळ त्यावरच बोलले.

मी आज्ञावली दुरुस्त केली. त्यासोबत एक नियम केला: नवं चित्र आलं की आपल्या स्रोताकडे पाहायच्या आधी शेजारचे २०–३० स्रोत तपासायचे. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा वाटतो. यादीत ‘तीव्र उतार’ हा एकच रकाना होता. आता तिथे तीन आहेत: उतार किती, वर्णपट वाकतो का, आकाशात केवढा. यजमान शोधायचं वर्तुळही आता स्रोताच्या आकारावरून ठरतं. या तीन रकान्यांत उरलेले १८ स्रोत बसवले तेव्हा त्यातले ७ वाकलेले निघाले, म्हणजे अकरा नंबरच्या बिरादरीतले. काहींना तिसरी वारंवारताच मिळाली नाही. दोन तर जुळणीतलीच चूक होती.

आणि एक चार नंबर आहे. ठिपक्यासारखा, व्हीएलएच्या बारीक नजरेतही दोन आर्कसेकंदांच्या आत मावणारा. तीन वारंवारतांवर उतार उणे १.४ आणि रेघ सरळ, दुरुस्ती केल्यानंतरही सरळ. १० आर्कसेकंदांच्या वर्तुळात साध्या प्रकाशात काही नाही. अवरक्त प्रकाशात मोठ्या दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुलगी आता पुण्याला आहे, मुलगा परभणीला शिकवतो. दोघंही महिन्यातून एकदा फोन करतात आणि पहिला प्रश्न चार नंबरचाच असतो. वहीत त्याच्यासमोरचा रेडशिफ्टचा रकाना मी अजून रिकामा ठेवला आहे.